त्रयोदशाक्षरी राममंत्र घेऊन रोजचा जप कसा करावा

जप आपल्याकडे घरोघरी चालतो. देवघरात माळ असते, सकाळी कोणीतरी डोळे मिटून बसलेलं असतं. पण नव्याने बसू पाहणाऱ्याने "नक्की करायचं काय?" असं विचारलं, तर बहुतेक वेळा "बस आणि नाम घे" एवढंच उत्तर मिळतं. उत्तर खरं आहे, पण नवख्याला ते पुरत नाही. तो बसतो, माळ ओढतो, दहा मिनिटांत दोन माळा उरकतो आणि तेवढ्या वेळात मन ऑफिसात, बँकेत आणि परवाच्या भांडणात फिरून येतं. आठवडाभराने माळ परत डबीत जाते. अशांसाठी हा लेख आहे.

योग म्हटलं की आज आसनं आठवतात. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. जपाचा विषय तिथे पहिल्याच पादात, म्हणजे पहिल्याच भागात, येतो. ईश्वराचा वाचक प्रणव, म्हणजे ॐ, आहे असं 27व्या सूत्रात सांगून लगेच 28व्यात साधना दिली आहे: 'तज्जपस्तदर्थभावनम्', म्हणजे त्याचा जप करायचा आणि त्याच्या अर्थाची भावना करायची. 29व्या सूत्रात फळ सांगितलंय. त्याने चेतना आत वळते आणि मार्गातले अडथळे दूर होतात. दुसऱ्या पादात क्रियायोगाची जी तीन अंगं येतात, त्यातल्या स्वाध्यायाचा अर्थ योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात प्रणवासारख्या पवित्र मंत्रांचा जप असाही केला आहे. तेव्हा जप ही योगाच्या कडेला चालणारी म्हातारपणीची सोय आहे हा समज आधी सोडून द्या. जप हा पूर्ण योगाभ्यास आहे आणि त्याला आसनांइतकीच शिस्त लागते.

शिस्तीचं मूळ एकच आहे. जपात तोंडाला जेवढं काम, तेवढंच कानाला. म्हटलेलं प्रत्येक नाम आपण स्वतः ऐकायचं. पुढे आसन, श्वास, माळ, गती याबद्दल जे काही सांगितलंय, ते सगळं या ऐकण्यासाठी आहे.

मंत्र कोणता घ्यावा

गुरूंकडून मंत्र मिळाला असेल तर प्रश्नच नाही. तोच घ्या आणि त्यांनी सांगितलं तसंच करा. घरात कुळाचा किंवा संप्रदायाचा मंत्र चालत आला असेल तर तो घ्या. वारकरी घरात 'राम कृष्ण हरी' असतो, शैव घरात 'ॐ नमः शिवाय', भागवत परंपरेत 'ॐ नमो भगवते वासुदेवाय' हा द्वादशाक्षरी. यातलं काहीच नसेल, तर मी 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा, म्हणजे त्रयोदशाक्षरी, मंत्र सुचवतो आणि हा लेखही तोच मंत्र धरून लिहिला आहे. महाराष्ट्राच्या मातीत तो मुरलेला आहे. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला नंदिनी-गोदावरीच्या संगमावर बारा वर्षं जी तपश्चर्या केली, ती याच मंत्राची, असं परंपरा सांगते. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (1845–1913) यांनी हाच मंत्र साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या त्या दुष्काळी गावातून हजारो प्रापंचिकांच्या तोंडी बसवला. नामाचा मंत्र असल्यामुळे त्याला अधिकार-अनधिकाराची अडचण नाही.

बीजमंत्रांचं तसं नाही. इंटरनेटवर वाचून किंवा व्हिडिओ बघून 'ह्रीं', 'क्लीं' असे बीजमंत्र लावलेले मंत्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्यांचे विधी, न्यास (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करणं), संख्या हे सगळं शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली व्हायचं असतं. अमक्या कामासाठी अमका मंत्र अशी यादी करून दर महिन्याला मंत्र बदलणारे लोकही दिसतात. त्यांच्या हाती काही लागत नाही. विहिरीला पाणी लागायचं तर एकाच जागी खोल जावं लागतं. मंत्र विचारपूर्वक निवडा, आठवडाभर म्हणून बघा, जिभेला आणि मनाला तो आपला वाटतोय का ते पाहा. ठरला की निदान वर्षभर बदलायचा विचारही करू नका.

स्त्रियांना हमखास पडणारा एक प्रश्न इथेच घेतो: पाळीच्या दिवसांत जप करावा का? वैदिक मंत्रांच्या अनुष्ठानाचे नियम ज्याच्या त्याच्या परंपरेप्रमाणे असतात. नामाला मात्र हा निर्बंध नाही. हरिपाठात ज्ञानदेवांनी 'काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं' असं स्पष्ट म्हटलंय. देवघरात न बसण्याची घरची पद्धत असेल तर दुसऱ्या खोलीत बसा. जप थांबवायचं कारण नाही. सुतकातही तसंच.

मंत्र आधी नीट म्हणायला शिका

ही पायरी लोक सर्रास गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

मंत्राची तेरा अक्षरं मोजून बघा: श्री-रा-म, ज-य-रा-म, ज-य-ज-य-रा-म. तीन तुकडे पडतात, तीन, चार आणि सहा अक्षरांचे. प्रत्येक तुकडा 'राम'वर येऊन टेकतो. म्हणजे मंत्र क्रमाने वाढत जातो आणि तीनदा त्याच नावाशी विसावतो. ही घडण एकदा कानात बसली की मंत्राला आपोआप चाल येते. ती चाल शोधण्यासाठी पहिले दोन-तीन दिवस माळ हातात घेऊच नका. नुसतं सावकाश म्हणत राहा.

म्हणताना ओठांकडे लक्ष ठेवा. 'म' उच्चारताना ओठ पूर्ण मिटले पाहिजेत आणि मिटले की नाद क्षणभर नाकात घुमला पाहिजे. एका मंत्रात हे तीनदा होतं. घाई झाली की सगळ्यात आधी हाच 'म' पातळ होतो. ओठ मिटायच्या आत पुढचा 'जय' सुरू होतो. दुसरी खूण 'जय'मध्ये सापडते. गती वाढली की 'जय'चा 'जे' होतो आणि कानावर 'श्रीरामजेराम जेजेराम' असं काहीतरी पडायला लागतं. तुमच्या जपात 'जे' ऐकू आला की समजा, कान बंद पडलाय आणि जीभ एकटी धावतेय. लगेच गती कमी करा. 'श्री' जोडाक्षर आहे. त्याचं 'शिरी' किंवा 'स्री' होऊ देऊ नका. बोलताना आपण शेवटचा 'अ' सोडतो आणि 'राम्' म्हणतो. मराठी माणसाने तसंच म्हणावं. त्याला ओढून संस्कृत वळण द्यायची गरज नाही.

सुरात म्हणायचं का? हवं तर म्हणा, पण एकाच सुरात किंवा दोन-तीन स्वरांच्या साध्या चालीत. भजनासारख्या ताना घेऊ लागलात की लक्ष गाण्याकडे जातं. भजन वेगळं, त्याचा आनंद वेगळा. बसून करायच्या जपात चाल जितकी साधी तितकं मन लवकर स्थिर होतं.

जागा, वेळ, आसन

वेळ एकच ठरवा आणि तीच ठेवा. सूर्योदयाच्या दीड तास आधीपासूनचा काळ उत्तम, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रात्री बाराला झोपणाऱ्याने ओढूनताणून पहाटे साडेचारला उठून पेंगत माळ ओढण्यात अर्थ नाही. रात्रपाळी करणाऱ्याने घरी आल्यावर आंघोळ करून बसावं. माझा आग्रह एवढाच आहे की जपाची वेळ मोबाइल हातात घेण्याआधीची असावी. एकदा मेसेज वाचले की पुढची वीस मिनिटं मन त्यांनाच उत्तरं देत बसतं.

खाली बसायचं तर जाड चटई किंवा चौपदरी घोंगडी घ्या. नुसत्या फरशीवर बसू नका. पंधरा मिनिटांत गारवा कमरेत जातो. मांडी घालून गुडघे फारच वर राहत असतील तर बुडाखाली चार बोटं उंचीची घडी सरकवा, पाठ आपोआप सरळ होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय ते एवढंच: धड, मान आणि डोकं एका रेषेत. गुडघ्याचं दुखणं असेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवा आणि पाठ टेकू नका. खुर्चीवरचा जप कमी दर्जाचा नसतो.

दिशा, आसनाचा रंग, वस्त्र यांवर फार वेळ घालवू नका.

माळ कशी धरावी

जपमाळेत 108 मणी आणि वर एक मेरुमणी असतो. तुळशीची, रुद्राक्षाची, चंदनाची, जी परंपरेत असेल ती घ्या. राम-कृष्णाच्या नामाला तुळस चालत आलेली आहे. गळ्यातली माळ जपाला वापरत नाहीत, जपाची वेगळी ठेवतात. मणी फार बारीक नसावेत. नवख्याच्या बोटांना ते कळत नाहीत आणि एकाच ओढीत दोन-तीन सरकतात.

माळ उजव्या हातात, मधल्या बोटावर. अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लांब ठेवायची, तिचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. एक मंत्र पूर्ण झाला की एक मणी. मंत्र संपण्याआधी मणी सुटला तर गती जास्त आहे असं समजा. फिरत फिरत मेरुमण्यापाशी आलात की तो ओलांडायचा नाही. माळ उलटी फिरवून परत मागे निघायचं. हे बोटांच्या बोटांत करायला थोडे दिवस लागतात, तोवर डाव्या हाताची मदत घेतली तरी चालेल. हात छातीच्या उंचीवर धरून दुखत असेल तर गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत, हात घालून ती मांडीवर टेकवा. गोमुखीचा दुसरा फायदा असा की किती मणी उरले हे डोळ्यांना दिसत नाही.

एका माळेचे 108 मंत्र होतात, पण हिशेबात 100 धरतात. वरचे आठ चुकलेल्या, तुटलेल्या उच्चारांसाठी सोडायचे.

प्रवासात माळ नसेल तर करमाळ, म्हणजे बोटांच्या पेरांवर जप मोजणं, शिकून ठेवा. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, मग तिचंच मूळ, तिथून करंगळीचं मूळ, मध्य, टोक, मग अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, तर्जनीचं टोक, मध्य आणि मूळ. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं हा मेरू. त्यांना अंगठा लावायचा नाही. डाव्या हातावर दहांचे गट मोजत गेलं की शंभर सहज होतात. बोटात अंगठीसारखं घालायचं काउंटर मिळतं, त्याला माझा विरोध नाही. फक्त आकडा दर मिनिटाला बघायची सवय लागू देऊ नका.

प्रत्यक्ष बैठक

पहिले तीन महिने रोज वीस ते पंचवीस मिनिटं पुरेत. क्रम असा ठेवा.

बसल्यावर चार-पाच श्वास नुसते येऊ-जाऊ द्या. मग मनात एक वाक्य म्हणा: आता मी एवढ्या माळा करणार आहे, ही सेवा रामाची. संकल्पात याहून जास्त काही नको. नोकरी, लग्न, कोर्टाचा निकाल यांची मागणी त्यात घातलीत की जपभर लक्ष त्या मागणीकडे राहतं.

पहिले अकरा मंत्र मोठ्याने आणि अगदी सावकाश म्हणा, प्रत्येक अक्षर सुटं. हा वॉर्म-अप समजा. त्यानंतर पहिली माळ मोठ्याने. शास्त्रात याला वाचिक जप म्हणतात. आवाज एवढाच की खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल. एका मंत्राला साधारण तीन सेकंद लागतात. एका उच्छ्वासात सहज दोन मंत्र होतात; मग श्वास आपोआप आत येतो, त्याला येऊ द्या. श्वास रोखून तीन-चार मंत्र कोंबायचे नाहीत. या बेताने एक माळ आठ-नऊ मिनिटं चालते. पाच मिनिटांच्या आत संपली तर शब्द गिळले गेलेत हे नक्की.

या गतीत एक गंमत आहे. दोन मंत्र सोडताना सहा सेकंद, श्वास घेताना चारेक सेकंद, म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. 23 निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूँ' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला, आणि त्या लयीत हृदयाची गती आणि रक्तदाब यांचं आपसातलं नियमन सुधारलेलं दिसलं. यावरून ईश्वरप्राप्ती सिद्ध झाली असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. पण सावकाश जप केल्यावर शरीर शांत का होतं, हे यातून कळतं.

दुसरी माळ उपांशु. ओठ आणि जीभ हलतात, आवाज बाहेर जात नाही, शेजारी बसलेल्याला कळू नये. इथे कान जास्त सावध लागतो, कारण ऐकायला जवळजवळ काही नसतं. घशात आणि जिभेवर जी बारीक हालचाल होते तिच्यासोबत मंत्राचा आवाज आतून येतोय का, ते बघा. ही माळ पाच-सहा मिनिटांत होते. मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा जप दहापट, उपांशु शंभरपट आणि मानस, म्हणजे मनातल्या मनात केलेला, हजारपट श्रेष्ठ म्हटलंय. हे ऐकून बरेच लोक थेट मानस जपावर उडी मारतात आणि दहाव्या मण्याला हरवतात. वाचिक पक्का झाल्याशिवाय पुढे जाण्यात काही मिळत नाही.

यानंतर माळ खाली ठेवा. दोन-तीन मिनिटं ओठ मिटून, जीभ स्थिर ठेवून, मंत्र मनात चालू द्या. तो आधीच्या लयीत काही वेळ आपसूक चालतो. तुम्ही फक्त ऐकत राहा. तो विरत गेला तर विरू द्या आणि त्या शांततेत बसा. ही मिनिटं कधीही कापू नका. उशीर झाला असेल तर माळ अर्धी करा, पण शेवटचं बसणं ठेवा, कारण जपाने केलेलं काम तिथेच मुरतं. मग झालेला जप देवाच्या चरणी अर्पण करून उठा. लगेच फोनकडे जाऊ नका.

तीन महिन्यांनी उपांशुच्या दोन माळा करा आणि मानस भाग दहा मिनिटांपर्यंत न्या. मानस जपात झोप येते, विचारांचा पूर येतो. आला की लाजू नका, थेट वाचिकावर परत या. वर्षानुवर्षं जप करणारेही पेंग आली की मोठ्याने म्हणतात.

मन पळतं, त्याचं काय करायचं

ते पळणारच. गीतेत अर्जुनाला सांगितलंय की चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं. यात मन जाणारच हे गृहीत धरलेलं आहे. परत आणणं हीच साधना, आणि एका माळेत ते वीसदा करावं लागलं तर वीसदा योग झाला.

परत कसं आणायचं, ते सांगतो. मन गेलंय हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणी चालू असलेल्या मंत्रातल्या पुढच्या 'राम'वर कान ठेवा. मागचे मणी पुन्हा मोजायचे नाहीत, माळ पहिल्यापासून सुरू करायची नाही, स्वतःला बोल लावायचे नाहीत. या तिन्ही गोष्टींत आणखी विचार तयार होतात. आलेला विचार महत्त्वाचा असेल, गॅस बंद करायचा राहिला असेल, तर उठून बंद करून या. बाकीचं वीस मिनिटांनी आठवेल.

झोपेसाठी डोळे अर्धे उघडे ठेवा, आवाज वाढवा, तरीही येत असेल तर उभं राहून जप करा. समर्थ तर नदीत उभं राहून करत असत असं सांगतात. कंटाळ्याचं जरा वेगळं आहे. दोन-तीन महिन्यांनी पहिला उत्साह ओसरतो आणि मंत्र कोरडा लागायला लागतो. पतंजलींनी चित्ताचे नऊ विक्षेप, म्हणजे अडथळे, मोजले आहेत. त्यात आजार आणि संशय आहेत, तसेच प्रमाद, आळस आणि एखाद्या पायरीवर न टिकणंही आहे. कोरडेपणा आला की यातलं काय चाललंय ते ओळखा. आळस असेल तर उठा आणि बसा. शरीर थकलं असेल तर झोप घ्या. संशय असेल, "याने काय होणार?" असं वाटत असेल, तर जपाचा अर्थ पुन्हा मनाशी आणा. त्याबद्दल पुढे.

अर्थाची भावना

पतंजली जपाबरोबर अर्थभावना सांगतात ती गाळली की जप यांत्रिक होतो. पण भावना म्हणजे डोळ्यांत पाणी आणणं नव्हे, आणि प्रत्येक मंत्राला शब्दार्थ आठवत बसणंही नव्हे. त्रयोदशाक्षरीत मागणं काहीच नाही, नुसता रामाचा जयजयकार आहे. 'मी'चा उल्लेखही नाही. हे लक्षात घेऊन बसा. राम माझ्यात जिंकू दे, माझा हट्ट मागे पडू दे, एवढी एक भावना जपाच्या आरंभी धरली तरी पुरते.

कोणाला रूप जवळचं वाटतं. त्याने पंचवटीतल्या काळ्या रामाची मूर्ती किंवा घरच्या देवघरातला राम डोळ्यांपुढे ठेवावा, पायांपासून सुरुवात करून. कोणाला रूप जमत नाही, नाद जमतो. त्याने नादच धरावा. कोणाला हृदयाशी मंत्र उमटतो असं वाटतं. यातलं एक घ्या आणि तेच काही महिने चालवा. तिन्ही एकदम केलंत तर लक्ष तीन ठिकाणी वाटलं जातं.

संख्या आणि अनुष्ठान

मंत्रशास्त्रात पुरश्चरणाचा, म्हणजे ठरलेल्या संख्येच्या जपानुष्ठानाचा, सर्वसाधारण नियम अक्षराला एक लाख असा आहे. त्रयोदशाक्षरीचे तेरा लाख. रोज दहा माळा, म्हणजे हिशेबाच्या हजार, केल्या तर 1300 दिवस लागतात, साडेतीन वर्षांहून थोडे जास्त. असं अनुष्ठान घ्यायचं असेल तर जाणत्या माणसाला विचारून घ्या. त्यात रोजची संख्या, वेळ, आहार यांचं बंधन असतं आणि शेवटी दशांश, म्हणजे जपाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या, हवनाचा क्रम असतो. पहिल्या वर्षी मात्र अनुष्ठान नको. संख्येचा लोभ लागला की कान मिटतो. जपाची वही घालावी, तीत तारीख आणि माळा लिहाव्यात, पण ती कोणाला दाखवू नये.

लिहून जप करण्याचीही पद्धत आहे. अंधाऱ्या मनःस्थितीत, बसून जप होतच नाही अशा दिवसांत, वहीची दोन पानं मंत्राने भरणं फार उपयोगी पडतं. हात, डोळा आणि मन एकाच कामाला लागतात.

बसण्याच्या वेळेबाहेरचं नामस्मरण मोकळं असतं. तिथे माळ नको, संख्या नको. पोळ्या लाटताना, लोकलमध्ये उभं असताना, जिना चढताना. आषाढीच्या वाटेवर दिंडी 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणत चालते, तेव्हा पाऊल, टाळ आणि नाम एका ठेक्यात येतात आणि मैलामागून मैल जातात. तो ठेका रोजच्या चालण्यातही पकडता येतो: डावं पाऊल 'राम', उजवं पाऊल 'राम'. गाडी चालवताना किंवा मशीनवर काम करताना मात्र लक्ष कामावरच ठेवा.

सांभाळायच्या गोष्टी

जपात काहींना प्रकाश दिसतो, घंटानाद ऐकू येतो, अंग हलकं वाटतं. असं झालं तर होऊ द्या. मंत्र ऐकत राहा, त्या अनुभवाच्या मागे लागू नका आणि चारचौघांत सांगू नका. झालं नाही तर काही बिघडलंय असंही नाही. योगसूत्रांत तर भ्रांतिदर्शन, म्हणजे भलतंच काही खरं वाटणं, विक्षेपांतच मोजलेलं आहे.

ज्यांना तीव्र नैराश्य, भास होणं, झोप पूर्ण उडणं असा त्रास आहे किंवा पूर्वी होऊन गेलाय, त्यांनी तासन्‌तास मानस जप करू नये. मोठ्याने, थोडा वेळ, शक्यतो कोणाच्या सोबतीने करावा, आणि मानसोपचारतज्ज्ञांना सांगून. औषधं चालू असतील ती जपाच्या भरवशावर बंद करायची नाहीत. जपाने आजार पळवून लावतो म्हणणाऱ्यापासून, आणि मंत्र द्यायचे हजारो रुपये मागणाऱ्यापासून, लांब राहा. नाम फुकट आहे.

घसा कोरडा पडत असेल तर आवाज चढलाय. खाली आणा आणि बसण्याआधी कोमट पाणी प्या. जेवल्यावर लगेच बसू नका. घरातल्यांना त्रास होईल इतक्या मोठ्याने पहाटे जप करू नका. बायको-मुलांवर खेकसून देवघरात जाणाऱ्याने आधी बाहेर येऊन बोलणं नीट करावं, मग माळ हातात घ्यावी.

पुढे जातोय हे कसं कळतं

पतंजलींनी विक्षेपांसोबत येणारी चार लक्षणं दिली आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाची अस्थिरता आणि श्वासाची धावपळ. मोजायचंच असेल तर ही चार मोजा. सहा महिन्यांपूर्वी वीस मिनिटांत किती वेळा बूड हलवावं लागायचं आणि आता किती? राग आला की श्वास किती वेळाने जागेवर येतो? एखाद्याने टाकून बोललं तर ते किती दिवस डोक्यात फिरतं? उत्तरं घरातल्या माणसांना विचारलीत तर जास्त खरी मिळतील. आणखी एक खूण जपणाऱ्यांत सर्रास सांगितली जाते. सकाळी डोळा उघडल्या उघडल्या, अजून कुठलाही विचार सुरू झालेला नसताना, मंत्र आपणहून चालू असल्याचं ऐकू येतं. ती ओढून आणता येत नाही. आली की आनंद माना आणि नेहमीच्या वेळेला नेहमीच्या माळा करा.

खंड पडला तर

योगसूत्रांत अभ्यास दृढ व्हायला तीन अटी घातल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. दुसरी अट प्रपंचात सगळ्यात अवघड. लग्नघर असतं, दवाखाना असतो, रात्रीची बस असते. म्हणून दोन मापं ठरवून ठेवा. एक नेहमीचं, समजा तीन माळा. दुसरं कमीत कमी, जे कुठल्याही परिस्थितीत होईल, समजा अकरा मंत्र करमाळेवर. दवाखान्याच्या बाकावर, एसटीत, तापात अंथरुणावर पडून, हे अकरा मंत्र व्हायलाच हवेत. ते झाले तर वहीत तो दिवस भरलेला लिहा.

तरीही चार दिवस पूर्ण सुटले, तर राहिलेल्या माळांची थकबाकी फेडत बसू नका. पंधरा माळा एका बैठकीत उरकायला गेलात की पुन्हा 'जे'च ऐकू येणार. पाचव्या दिवशी ठरल्या वेळेला बसा, अकरा मंत्र सावकाश म्हणा आणि नेहमीची पहिली माळ सुरू करा.